नोटरीकडे सोडचिठ्ठी झालीये, आता दुसरं लग्न चालेल ना?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहूनच टाकते. केस खरी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई आणि मुलगी आल्या होत्या. मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन तीन वर्षं झालेली, आता चांगलं स्थळ आलं होतं आणि मुलाच्या काकांनी नेमकं विचारलं, घटस्फोटाचा कोर्टाचा कागद कुठाय? आईने पिशवीतून स्टँप पेपर काढला. आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत, एकमेकांवर कसलाही हक्क नाही, दोघांनाही दुसरं लग्न करायची मुभा, खाली सह्या, चार नातेवाईक साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. दिसायला एकदम भक्कम.

पण या कागदाने लग्न मोडत नाही. नोटरी फक्त सही कोणी केली एवढंच बघतो, घटस्फोट द्यायचा अधिकार त्याला नाहीच. हिंदू विवाह कायदा १९५५ लागू असेल तर घटस्फोट कोर्टाकडूनच. अपवाद कलम २९ चा, काही समाजांत पूर्वापार काडीमोडीची रूढी आहे ती कायद्याने शाबूत ठेवलीये, पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, "आमच्यात असंच करतात" म्हणून भागत नाही. यांच्या समाजात तशी रूढी नव्हतीच.

मग आईने दुसरा मुद्दा काढला. "मॅडम, पण लग्न रजिस्टरच केलं नव्हतं, म्हणजे लग्न झालंच नाही ना?" हे कोणीतरी नात्यातल्या शहाण्याने डोक्यात भरवलेलं असतं. नोंदणी करायलाच हवी, महाराष्ट्रात ९० दिवसांत करा असा १९९८ चा कायदाही आहे, पण नोंदणी केली नाही म्हणून विधिवत झालेलं लग्न रद्द होत नाही. सप्तपदी झालीये, दोनशे माणसं जेवून गेलीत, अल्बम कपाटात आहे, मग लग्न झालंय. उलट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की विधीच झाले नसतील तर नुसतं सर्टिफिकेट असून हिंदू लग्न होत नाही. (स्पेशल मॅरेज ॲक्टचं वेगळं, तिथे विधी लागत नाहीत.)

इतका वेळ गप्प बसलेली मुलगी एकदम म्हणाली, "त्याने तर देवळात दुसरं लग्न केलंय, मूल पण आहे. त्याला चालतं मग मलाच का नाही?"

राग रास्त होता. पण त्यालाही चालत नाहीच. पहिली बायको कायद्याने बायकोच असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल, आणि तो गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहिता कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ते बाळ मात्र कायद्याने औरसच, आईबापाच्या चुकीचा डाग त्याच्यावर येत नाही. मला खरंतर त्या दुसऱ्या मुलीचंच वाईट वाटलं, तिलाही बहुतेक हाच स्टँप पेपर दाखवला असणार.

मी तिला दोन्ही रस्ते सांगितले, तक्रार करायची की परस्पर संमतीने मोकळं व्हायचं. तक्रार करच किंवा नकोच असं मी कधी सांगत नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिला सुटका हवी होती. नवऱ्याला बोलावलं तर तो लगेच तयार, कारण उघड आहे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब चा अर्ज झाला. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि गंमत म्हणजे इथे तोच बिनकामाचा स्टँप पेपर उपयोगी पडला, कधीपासून वेगळे राहतात त्याचा पुरावा म्हणून. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार बराच काळ वेगळे राहत असतील, पोटगी आणि मुलांचं सगळं मिटलेलं असेल आणि समेटाची आशाच नसेल तर कोर्ट ते माफ करू शकतं. इथे केलं. वकिलाच्या फीचं टेन्शन होतं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे फार जणींना माहीतच नसतं.

नवऱ्याला एक गोष्ट बजावून सांगितली, डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, आली म्हणून तुझं आधीचं देवळातलं लग्न आपोआप कायदेशीर होत नाही, परत विधी करून नोंदणी कर.

शेवटी आईचं एक राहिलंच होतं, बायोडेटात "अविवाहित" लिहायचं का? मी म्हटलं अजिबात नको, आधीचं लग्न लपवलं तर उद्या तोच माणूस फसवणूक झाली म्हणून हे लग्न रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो. त्यांनी "घटस्फोटित" लिहिलं. काकांनी डिक्रीची सर्टिफाइड कॉपी मागितली, तारीख बघितली आणि पुढची बोलणी सुरू केली.