डेल चिहुली स्वतः काच फुंकत नाहीत, तर त्यांना काचकलाकार का म्हणतात?

प्रश्न रास्त आहे. चिहुली यांनी १९७९ नंतर फुंकणी दुसऱ्यांच्या हाती सोपवली, हे खरेच. मात्र तेवढ्यावरून त्यांना केवळ नावाचे धनी ठरवणे मला घाईचे वाटते, कारण मोठे काचकाम मुळातच एकट्यादुकट्याचे नसते.

मी अमेरिकेतील सिएटल शहराजवळ राहतो आणि चिहुली यांच्या जन्मगावी, टॅकोमा येथे, काच संग्रहालयाच्या भट्टीसमोर बसून हे काम अनेकदा पाहिले आहे. आपल्या चुलीपुढच्या फुंकणीसारखीच, पण पुरुषभर उंचीच्या आसपासची पोलादी फुंकणी वितळलेल्या काचेत बुडवून तिच्या टोकावर मधासारखा दाट गोळा गुंडाळून घेतात आणि तो ओघळू नये म्हणून ती क्षणभरही न थांबता फिरवत राहतात. बाकावर बसलेला मुख्य कारागीर ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर धरून त्या लालबुंद गोळ्याला आकार देतो (जळक्या कागदाचा वास प्रेक्षकांपर्यंत येतो), त्याच वेळी दुसरा फुंकणीतून हवा भरतो, तिसरा रंगाची कांडी तापवून आणतो. तयार झालेली वस्तू लगेच दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश थंड करावी लागते, नाहीतर आतल्या ताणानेच ती तडकते.

ही सांघिक पद्धत चिहुली यांनी १९६८ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर, वेनिनी या काचकारखान्यात पाहिली. त्यांचे गुरू हार्वे लिटलटन यांनी अमेरिकेत रुजवलेला आदर्श मात्र आपल्या छोट्या भट्टीवर एकट्याने काम करणाऱ्या कलावंताचा होता. चिहुली यांनी मुरानोची रीत उचलली आणि १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला पिलचक काचशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे १९७६ मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात त्यांचा डावा डोळा गेला, १९७९ मध्ये समुद्रात लाटांवर पोहताना खांदा निखळला आणि बाकावरची मुख्य जागा त्यांनी सोडली. तेव्हापासून ते मोठ्या कागदांवर रंगांचे फटकारे मारून कल्पना मांडतात आणि चमू ती काचेत उतरवतो.

माझ्या मते त्यांचे सर्वांत सकस काम त्याआधीचे, १९७७ च्या ‘बास्केट्स’ मालिकेचे आहे. टॅकोमाच्या इतिहास संग्रहालयात अमेरिकेतील मूलनिवासींच्या, एकावर एक रचलेल्या, स्वतःच्याच वजनाने वाकलेल्या टोपल्या पाहून त्यांनी काचेलाही आंच आणि गुरुत्वाकर्षण यांच्या भरवशावर कलू दिले. तोवर कारागिराचे कसब सुबक समतोलात मोजले जाई, आणि हा वाकडेपणा कुठे थांबवायचा हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता. याउलट लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलातील, १९९८ चे सुमारे दोन हजार काचफुलांचे छत पाहून मला लग्नमंडपाची आठवण झाली.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते श्रेयाच्या बाबतीत. पिलचकमध्ये ट्रकचालक म्हणून आलेले विल्यम मॉरिस पुढे चिहुली यांचे मुख्य कारागीर झाले. त्या काळातील अनेक नगांना प्रत्यक्ष हात त्यांचा लागला, नाव चिहुली यांचे राहिले. मॉरिस यांना नाव मिळाले ते स्वतःची भट्टी पेटवल्यावरच.