‘कव्हरेज’ म्हणजे दृश्यकोन का?

प्रश्न असा आला आहे: लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी (म्हणजे मोठ्या सुट्या फिल्मचा, लेन्स वर-बाजूला सरकवता येणारा कॅमेरा) जुनी लेन्स घेताना तिचं ‘कव्हरेज’ बघा म्हणतात, त्याला मराठीत ‘दृश्यकोन’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दृश्यकोन ठरतो फोकल लांबी आणि फिल्मचं माप या जोडीवर. चार बाय पाच इंची फिल्मवर प्रत्यक्ष चित्राचा कर्ण १५३ मिमीच्या आसपास भरतो. १५० मिमीची कुठलीही लेन्स लावा, कर्णावरचा दृश्यकोन साधारण ५४ अंशच. कव्हरेज मात्र एकट्या लेन्सचा गुण: ती फिल्मच्या जागी केवढ्या वर्तुळात कामाची प्रतिमा पाडते, ते. १९०२ च्या टेसार नावाच्या लेन्स-रचनेत ६० अंश धरले, तर १५० मिमीच्या लेन्सचं वर्तुळ सुमारे १७३ मिमी पडतं. १८४० च्या पेट्झवाल रचनेत, जी मुळात व्यक्तिचित्रांसाठी होती, ३० अंश धरले तर जेमतेम ८० मिमी. फोकल लांबी तीच, दृश्यकोन तोच, आणि दुसऱ्या लेन्सने कोपऱ्यांची वाट लागलेली.

मला विचाराल तर नामाआधी क्रियापद शोधावं, आणि ते घरातच आहे: पुरणे. पांघरूण पुरतं, तशी लेन्स फिल्मला पुरते किंवा तोकडी पडते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तर जणू या कॅमेऱ्यासाठीच केलेली. लेन्स वर उचलली किंवा बाजूला सरकवली की फिल्म वर्तुळाच्या काठाकडे जाते. वरच्या टेसारमध्ये पाय पसरायला फारशी जागा नाही. उलट सुपर अँग्युलॉन या ९० मिमीच्या एफ/८ रुंदकोनी लेन्सचं वर्तुळ २१६ मिमी, म्हणजे खुशाल पसरा.

नाम हवंच असेल तर दोन घ्यावीत. अंशांत सांगायचं तेव्हा ‘व्याप्तिकोन’, मिलिमीटरमध्ये सांगायचं तेव्हा ‘प्रतिमावर्तुळ’. ‘पल्ला’ नको, त्यात लांबवर पोचण्याचा अर्थ आहे. ‘घेर’ मला फार आवडला असता, पण घेर म्हटलं की आपण परीघ धरतो आणि इथे मोजायचा असतो व्यास. ‘आवाका’ बोलण्यात शोभतो, कोष्टकात नाही.

वर्तुळंही खरं तर दोन असतात: उजेडाचं आणि स्पष्टतेचं. दुसरं सहसा लहान असतं आणि अ‍ॅपर्चर बारीक केलं की वाढतं, म्हणून कोष्टकांतला आकडा बहुधा एफ/२२ या बारीक अ‍ॅपर्चरचा आणि अनंतावरच्या, म्हणजे फार दूरच्या, फोकसचा असतो. जवळचं टिपताना लेन्स पुढे जाते, वर्तुळ मोठं होतं. वस्तू जेवढी तेवढीच प्रतिमा घेताना व्यास दुप्पट. अनंताला तोकडी पडणारी लेन्स तिथे पुरूनही उरते. जुन्या लेन्सवर कधीकधी काचपट्टीचं (फिल्मआधी वापरायचे त्या काचेच्या प्लेटचं) मापच कोरलेलं असतं. ते ‘पुरते’ एवढंच सांगतं, सरकवायला किती उरतं ते नाही.

लेन्स पुरते का ते स्वतः तपासता येतं. कॅमेऱ्याच्या मागे जिच्यावर प्रतिमा पाहतात त्या घासलेल्या काचेचे कोपरे बहुधा कापलेले असतात. लेन्स हव्या त्या अ‍ॅपर्चरवर ठेवून त्या फटीतून तिच्याकडे पाहा. छिद्र अख्खं दिसलं तर उजेड पुरतो. कडा कापल्या जाऊन डोळ्याच्या आकाराचं दिसलं तर तोकडा पडतोय. स्पष्टता पुरते का, हे मात्र कोपऱ्यावर भिंग लावूनच कळतं.