क्लोजिंग मिळालं की चौथा नंबर ठरलेलाच!

प्रश्न: आम्ही दोघं कॉलेजकडून ब्रिटिश पार्लमेंटरी डिबेट करतो, म्हणजे चार टीम, प्रत्येक बाजूला दोन: आधी बोलणारी ओपनिंग आणि नंतर बोलणारी क्लोजिंग. क्लोजिंगला आलो की आमचे सगळे मुद्दे ओपनिंगवाले आधीच बोलून टाकतात, मग सात मिनिटं काय बोलायचं? – एक वैतागलेली वाचक, पुणे

उत्तर: अगं, हे रडगाणं सगळ्यांचंच! पण जज नवीन मुद्द्यांची संख्या मोजत नाही, ओपनिंगपेक्षा तुम्ही वादात काय भर घातली ते बघतो, आणि ती भर म्हणजे जुन्याच मुद्द्याचं न सांगितलेलं 'कसं' असलं तरी चालतं.

समजा मोशन (वादाचा विषय) आहे 'शाळेतला होमवर्क बंद करावा' आणि तुम्ही विरोधात. ओपनिंग म्हणालं, अभ्यास मागे पडेल. बरं, पण कोणाचा? पैसेवाले आईबाप दुसऱ्या दिवशी क्लास लावतील, ज्यांना फी परवडत नाही त्यांच्याकडे होमवर्कची वही हाच एकमेव सराव होता, तोही गेला. म्हणजे बंदीने दरी वाढते. झालं एक्स्टेंशन, म्हणजे क्लोजिंगने घातलेली भर, आता यावरच चार मिनिटं काढा, उगाच अजून तीन मुद्दे कोंबू नका.

तयारीच्या पंधरा मिनिटांत ओपनिंग काय बोलेल याची यादी करा आणि त्यातलं सगळ्यात सोपं सोडून द्या, ते जाणारच आहे. आणि हो, समोरच्या बाजूच्या ओपनिंगची भाषणं चालू असताना पीओआयला (भाषणाच्या मधेच विचारायचा प्रश्न) उभे राहत जा, पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून. घेतला नाही तरी जजला दिसता तरी, नाहीतर अर्धा तास नुसते खाली मान घालून लिहीत बसता! तुमच्यातल्या दुसऱ्याने व्हिप करताना, म्हणजे वादाचा सारांश मांडणारं शेवटचं भाषण करताना, नवा मुद्दा आणायचा नाही, विरोधी बाजूला तर मुळीच नाही.