वाचकांचे प्रश्न : रोहिणी हट्टंगडी यांची रंगभूमी, पडदा आणि मालिका

गेल्या अंकात मराठी अभिनेत्रींवरील टिपणात रोहिणी हट्टंगडी यांचा उल्लेख अवघ्या दोन ओळींत आटोपला होता. त्याबद्दल नागपूर आणि आसपासच्या वाचकांची पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही कुटुंबीय नुकतेच सेवाग्रामला जाऊन आलो. बा कुटी पाहिल्यावर घरी परतून ‘गांधी’ हा चित्रपट मुलांना दाखवला. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणीताईंना ऑस्कर मिळाले होते असे माझे यजमान म्हणतात. ते खरे आहे का? आणि ही भूमिका केली तेव्हा त्यांचे वय काय असेल?
— एक वाचिका, त्रिमूर्तीनगर

उत्तर : रोहिणीताईंना मिळाला तो ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे बाफ्टा पुरस्कार. १९८३ मध्ये सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा हा सन्मान त्यांना आणि ‘रेड्स’मधील मॉरीन स्टेपलटन यांना विभागून देण्यात आला. ‘गांधी’ने त्या वर्षी आठ ऑस्कर पुरस्कार पटकावले आणि त्यांतील वेशभूषेचा पुरस्कार जॉन मोलो यांच्यासह कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला. एकाच चित्रपटाशी जोडलेली दोन मराठी नावे आणि दोन मोठे परदेशी सन्मान, यांमुळे आपल्या यजमानांच्या स्मरणात दोन्ही पुरस्कार एक झाले असावेत. अनेकांचे तसे होते.

वयाचे म्हणाल तर चित्रीकरण १९८० च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले आणि रोहिणीताई त्या वेळी तिशीच्या आतबाहेर होत्या. दक्षिण आफ्रिकेतील तरुण गृहिणीपासून १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत देह ठेवणाऱ्या वृद्धेपर्यंतचा प्रवास त्यांना एकाच चित्रपटात दाखवायचा होता. पांढरे केस आणि सुरकुत्या रंगभूषाकार देऊ शकतो. परंतु नवऱ्याच्या हट्टापुढे आधी संतापणारी, मग त्या हट्टाचा अर्थ आपल्या पद्धतीने लावणारी आणि अखेरीस त्याच्या बरोबरीने तुरुंगवास पत्करणारी स्त्री रंगभूषेतून निर्माण होत नाही. आश्रमातील शौचालय साफ करण्याच्या सक्तीवरून पतिपत्नींत होणाऱ्या भांडणाचा प्रसंग पुन्हा पाहावा. बेन किंग्सले यांचे गांधी त्या प्रसंगात चुकतात, त्यांना आपली चूक उमगते. पण प्रसंगाचा तोल सांभाळतात त्या कस्तुरबा. त्यांचा नकार घाबरट नाही आणि नंतरची त्यांची संमतीही शरणागती वाटत नाही. पोरबंदरच्या प्रसंगात पत्रकारासमोर दोघे आपल्या लग्नविधीतील वचने पुन्हा म्हणून दाखवतात, तेव्हा त्या प्रौढ चेहऱ्यावर क्षणभर लहानपणीच्या वधूचा संकोच उमटतो. इतक्या मोठ्या पटाच्या चित्रपटात, जिथे हजारोंच्या गर्दीची दृश्ये आहेत, तिथे हा संकोच लक्षात राहतो, यातच त्या अभिनेत्रीची ताकद आहे.

चित्रपटात सेवाग्रामच्या वर्षांना फारशी जागा मिळालेली नाही, आणि म्हणूनच आपण मुलांना आधी बा कुटी दाखवली हे फार चांगले केले. माणसांच्या सततच्या राबत्यात बांना थोडा निवांतपणा मिळावा म्हणून ती स्वतंत्र कुटी बांधली गेली. आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर असलेली ती छोटी वास्तू पाहिलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरील कस्तुरबांच्या अबोलपणाचे कारण अधिक चांगले समजते.

प्रश्न : मी इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘पार्टी’ नाटकावरील चित्रपटासाठी रोहिणी हट्टंगडी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला असे वाचले. त्या भूमिकेविषयी कृपया लिहावे.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे, आणि नागपूरकरांना या पुरस्काराचे विशेष अगत्य वाटावे असे त्यात बरेच काही आहे. एलकुंचवार हे आपल्या शहरात राहून, इथेच अध्यापन करीत लिहिलेले नाटककार. त्यांच्या नाटकावर गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये हिंदी चित्रपट केला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री हे विभाग त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून सुरू झाले. त्यामुळे सहायक अभिनेत्रीचा पहिलावहिला राष्ट्रीय पुरस्कार एका नागपूरकर लेखकाने घडवलेल्या व्यक्तिरेखेला मिळाला. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

एका प्रतिष्ठित लेखकाच्या सत्कारानिमित्त श्रीमंत कलाप्रेमी बाईंच्या घरी जमलेली मेजवानी, आणि त्या रात्री हळूहळू उघडे पडणारे लेखक, कलावंत, समीक्षक असा त्या कथेचा घाट आहे. रोहिणीताईंची मोहिनी ही त्या सत्कारमूर्ती लेखकाची सहचारिणी. कधीकाळी ती रंगभूमीवरची गुणी अभिनेत्री होती आणि आता मद्याच्या आधाराने संध्याकाळ रेटते आहे. अशी भूमिका नटीला फार सहज फसवते. दारू प्यायलेल्या माणसाचे झोकांडे, अडखळते शब्द, अचानक फुटणारे रडू, असे सगळे ठोकळेबाज साहित्य हाताशी तयार असते. रोहिणीताईंनी त्यातले जवळजवळ सारे बाजूला ठेवले. त्यांची मोहिनी शुद्धीत राहण्याचा आटोकाट प्रयत्न करते, आणि तो प्रयत्न दिसत राहतो म्हणूनच तिचे कोसळणे अंगावर येते. नाटक सोडलेली ही बाई चारचौघांत वावरताना अजूनही भूमिकाच करते आहे हे आपल्याला कळत जाते. अभिनय करणाऱ्या स्त्रीचा अभिनय करायचा आणि दोन्ही थर वेगवेगळे दिसू द्यायचे, हे काम कॅमेऱ्यासमोर अतिशय अवघड असते. विजया मेहता, मनोहर सिंग, अमरीश पुरी, ओम पुरी अशा तालेवार मंडळींच्या मेळाव्यात त्यांनी ते केले.

माझी विनंती अशी की नाटक मराठीत आधी वाचावे आणि मगच चित्रपट पाहावा. लेखकाच्या ओळींतून मोहिनी आपल्या मनात कशी उभी राहते ते पाहून ठेवले, म्हणजे अभिनेत्रीने स्वतःचे त्यात काय मिळवले ते नेमके दाखवता येते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा अभ्यास खूप काही देईल.

प्रश्न : माझ्या सासूबाई ‘चार दिवस सासूचे’ न चुकता पाहत असत. एवढ्या मोठ्या अभिनेत्रीने इतकी वर्षे एका मालिकेत घालवली, याचे वाईट वाटते. आपले मत काय?
— एक गृहिणी, महाल

उत्तर : ताई, आपली भावना समजते, पण मला तसे वाटत नाही. ई टीव्ही मराठीवरील ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तिचे ३,००० हून अधिक भाग झाले. एवढ्या मोठ्या पल्ल्याच्या मालिकेत कथानक ताणले जाते, पात्रांचे स्वभाव कारणाशिवाय पालटतात, रोजच्या भागाचे संवाद कलावंताच्या हाती अगदी ऐनवेळी पडतात. हे दोष खरेच आहेत आणि मी ते झाकणार नाही. परंतु रोहिणीताईंच्या आशा देशमुख पाहताना मला नेहमी जाणवत असे की प्रसंग कितीही ओढलेला असो, ही बाई समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकते आहे. ऐकणे हा अभिनयाचा निम्मा भाग आहे आणि मालिकांच्या घाईत तोच सर्वांत आधी हरवतो. पुढे ‘होणार सून मी ह्या घरची’मधील आईआजीही त्यांनी त्याच निष्ठेने केली.

शिवाय आपल्या सासूबाईंसारख्या असंख्य स्त्रियांपर्यंत समांतर चित्रपट कधी पोहोचला नाही, आणि प्रायोगिक नाटक तर मुंबई-पुण्याबाहेर क्वचितच आले. ज्या कलावतीला एरवी वर्तमानपत्रातील नावापुरतेच ओळखले असते, तिचे काम त्यांनी रोज संध्याकाळी घरात बसून पाहिले. याला मी वाया गेलेली वर्षे म्हणणार नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे आणि राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर काम केले आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठी प्रयत्न करावा असे वाटते, पण घरचे म्हणतात की अभिनेत्रीला तिशीनंतर आईच्याच भूमिका मिळतात, रोहिणी हट्टंगडींचेही तेच झाले. मी काय करावे?
— एक वाचक कलावती, सक्करदरा

उत्तर : घरच्यांची काळजी निराधार नाही, म्हणून आधी तिचाच विचार करू. हिंदी चित्रपटसृष्टीने रोहिणीताईंना फार लवकर आई केले, हे सत्य आहे. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या आणि प्रत्यक्षात त्या त्यांच्यापेक्षा काही वर्षांनी लहान आहेत. नायक पन्नाशीला पोहोचला तरी नायक राहतो आणि त्याच्याहून लहान अभिनेत्री त्याची आई होते, हा त्या व्यवसायाचा अन्याय आहे आणि तो आजही पुरता संपलेला नाही.

परंतु ‘आईच्या भूमिका’ या एका शब्दात त्यांचे काम बसवता येत नाही. ‘सारांश’मधील (१९८४) पार्वती प्रधान घ्या. परदेशात मारल्या गेलेल्या एकुलत्या मुलाच्या दुःखात बुडालेले शिवाजी पार्कचे मराठी जोडपे. नवरा झालेले अनुपम खेर तेव्हा अवघे २८ वर्षांचे. पार्वती भाडेकरू मुलीच्या पोटातील बाळात आपला मुलगा शोधू लागते. तिची ती श्रद्धा तर्काला न पटणारी आहे, तरी रोहिणीताई तिला एका क्षणासाठीही केविलवाणी होऊ देत नाहीत. ‘अर्थ’मधील (१९८२) मोलकरीण मुलीच्या शाळेसाठी पैसा पैसा साठवते आणि ते पैसे नवऱ्याने उडवल्यावर भयंकर टोकाला जाते, या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तसाच तो ‘अग्निपथ’लाही मिळाला. ‘चालबाज’मधील (१९८९) दुष्ट काकू त्यांनी इतक्या मनापासून केली की कस्तुरबा पाहिलेला प्रेक्षक चकित व्हावा. आणि ‘गांधी’चे चित्रीकरण संपले त्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्यांनी मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये मित्रा उभी केली होती. विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या नाटकाची नायिका दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते. हा विषय उच्चारण्याचीही तेव्हाच्या समाजाची तयारी नव्हती. पडद्यावर बा आणि रंगमंचावर मित्रा, हे सारे एकाच अभिनेत्रीने जवळजवळ एकाच काळात केले.

हे बळ आले कुठून, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. पुण्याच्या रोहिणी ओक दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या तेव्हा इब्राहिम अल्काझी संचालक होते. त्यांची शिस्त आणि प्रत्येक नाटकाचा बारकाईने अभ्यास करण्याची पद्धत प्रसिद्धच आहे. १९७४ मध्ये त्या तिथून बाहेर पडल्या. शिवराम कारंतांनी बसवलेले यक्षगान, म्हणजे कर्नाटकातील लोकनाट्य, आणि शोझो सातो यांनी बसवलेले काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यशैलीतील ‘इबारागी’ यांत त्यांनी कामे केली. हे दोन्ही प्रकार परंपरेने पुरुषांचे. त्यांत पदन्यास, श्वास, नजर, मानेची हालचाल यांचे काटेकोर नियम असतात. असे कठोर देहशिक्षण घेतलेल्या नटीला पडद्यावर म्हातारी व्हायचे असेल तर ती आवाज थरथरवत बसत नाही. तिला पाठीचा कणा, पावलांचे वजन आणि उठण्या-बसण्यातला वेळ बदलता येतो. मुंबईत आल्यावर पती आणि दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी यांच्यासोबत त्यांनी स्पॅनिश नाटककार लोर्काच्या ‘येर्मा’वर आधारलेले ‘चांगुणा’, ग्रीक शोकांतिका ‘मीडिया’, एकपात्री ‘अपराजिता’ अशी नाटके केली. २००४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो या रंगभूमीवरील कामासाठीच.

आता आपल्याविषयी. विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी आणि नाटकांतील कामाचा अनुभव लागतो. प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावतात आणि तिथून अंतिम निवड होते. जागा फार थोड्या असतात, म्हणून पहिल्या प्रयत्नात निवड न होणाऱ्यांत अतिशय गुणी मुले असतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. राज्य नाट्य स्पर्धेतील आपल्या कामाच्या नोंदी, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. तयारीसाठी एक मराठी आणि एक हिंदी उतारा निवडावा, आणि त्यांतला निदान एक आपल्या वयापासून दूरच्या स्त्रीचा असावा. वऱ्हाडी बोली आपल्या कानात असेल तर ती लपवू नये. प्रमाण भाषा जरूर कमवावी, पण बोलीतला उतारा सादर करण्याची संधी मिळाली तर आपली बोली हेच आपले भांडवल ठरेल. निवड झाली तर जावे, आणि नाही झाली तरी नाटक सोडू नये. वडीलधाऱ्यांना हे उत्तर दाखवण्यापेक्षा त्यांना ‘सारांश’ दाखवावा, असे मी सुचवीन.

प्रश्न : त्यांचे काम पाहायला सुरुवात कुठून करावी?
— एक ज्येष्ठ वाचक, सीताबर्डी

उत्तर : प्रथम ‘सारांश’, मग ‘अर्थ’, त्यानंतर ‘पार्टी’. ‘गांधी’ आपण पूर्वी पाहिलेला असणारच, तो आता केवळ कस्तुरबांसाठी पुन्हा पाहावा. नातवंडे सोबत असतील तर ‘मुन्नाभाई एमबीबीएस’पासून आरंभ करायलाही हरकत नाही, सुनील दत्त यांच्यासोबतची त्यांची आई तिथे थोडाच वेळ दिसते, परंतु मुलाने इतकी वर्षे आपल्याशी खोटे बोलल्याचे कळते त्या प्रसंगात दोघांचे चेहरे काळजीपूर्वक पाहावेत.