मोरीच्या पडद्याआड

तो पहिल्यांदा आला तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा चालू होता. दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पंखा पाचवर असूनही मी पदराने घाम टिपत होते, आणि हा समोर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेला. मनगटाची बटणं लावलेली, गळ्याचं वरचं बटणही लावलेलं. वय २७, लालबागच्या चाळीत आईवडील आणि धाकट्या भावासोबत राहणारा, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे.

"अहो-जाहो नका करू मॅडम, अवघडल्यासारखं होतं," एवढं त्याने आल्याआल्याच सांगितलं. मग पाऊण तास झोप येत नाही यावर बोलला. लग्न ठरलंय, डिसेंबरअखेरचा मुहूर्त आहे, पुढे ढकलता आला तर बरं. मुलगी आवडली नाही का? खूप आवडलीय. पैशांची अडचण? नाही. वेळ संपली. तो उठला, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि पाठमोराच म्हणाला, "मॅडम, हळदीला नवऱ्याचा शर्ट काढायलाच लागतो का?"

मी त्याला परत बसवलं. पुढच्या बाईंना दहा मिनिटं थांबायची विनंती केली.

छाती, पोट, खांदे, पाठ, सगळीकडे दाट केस. दहावीच्या सुट्टीत पोहायला शिकायला गेला होता, तिथे कपडे बदलायच्या खोलीत एकजण ओरडला, "अस्वल आलं रे!" सगळे हसले. चौथ्या दिवसापासून हा गेलाच नाही. भरलेली फी बुडाली, वडिलांचा ओरडा खाल्ला, पण कारण सांगितलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं तो कुणासमोर उघड्या अंगाने आलेला नव्हता. चाळीत! जिथे पुरुषमंडळी कमरेला टॉवेल गुंडाळून गॅलरीत दात घासतात, तिथे याने अकरा वर्षं अंग झाकून काढली. त्याला किती कष्ट पडले असतील हे चाळीत राहिलेल्यालाच कळेल.

गेली चार वर्षं तो केस काढत होता. खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीत. मोरीला दार नाही, दोरीवर सोडलेला पडदा. म्हणून पहाटे साडेचारला, घरचे उठायच्या आत, झिरोच्या बल्बच्या उजेडात. मोठा दिवा लावला तर आई जागी होईल. पाण्याचा आवाज होईल म्हणून साबणही नाही. कोरड्याच अंगावर वडिलांचा रेझर, तोही उलट्या दिशेने, कारण एकदाच फिरवून काम व्हायला हवं. हात पोचत नाही तिथे केस काढायचं क्रीम, आणि तेच क्रीम जांघेत. मोरीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबायचं. आई म्हणायची, माझेच केस गळतायत हल्ली. तो गप्प बसायचा.

हे एवढं सविस्तर लिहिते आहे, कारण त्याच्या त्वचेचं जे झालं ते केसांनी केलेलं नव्हतं, त्या पहाटेच्या चोरट्या घाईने केलेलं होतं. छातीवर आणि मानेखाली पुळ्या. आपल्याकडे याला केसतोड म्हणतात, आणि कारण त्या शब्दातच आहे. कोरड्या त्वचेवर उलटं ब्लेड फिरवलं की केस त्वचेच्या पातळीच्याही खाली तुटतो. मग वाढताना तो बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो, मुळाशी जंतू शिरतात, फोड येतो. केस जाड आणि कुरळे असतील तर हमखास. जांघेत क्रीमने भाजलं होतं. या क्रीममध्ये बहुधा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, ते केसातल्या केराटिन या प्रथिनाचे बंध तोडतं. त्वचेच्या वरच्या थरातही केराटिनच असतं, त्यामुळे नाजूक जागी क्रीम लावलं किंवा जास्त वेळ राहिलं की त्वचाही सोलवटते. बहुतेक क्रीमच्या खोक्यावर तसं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. झिरोच्या बल्बमध्ये ती अक्षरं दिसत नाहीत.

भाजल्यावर खाज, आणि खाजेवर मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब. दोन दिवसांत आराम पडायचा, थांबवली की दुप्पट खाज. असे आठ महिने. मी फोनमधला ट्यूबचा फोटो बघितला. क्लोबेटासॉल, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. मी डॉक्टर नाही, पण मुंबईत पुरुषांच्या खाजगी तक्रारी ऐकणाऱ्या कुणालाही हे मिश्रण ओळखीचं झालेलं असतं. क्लोबेटासॉल हे फार तीव्र स्टेरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दबते, पण खालचा नायटा मरत नाही, उलट पसरतो. जांघेची मुळात पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते, तिच्यावर कायमचे चरे पडतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तरीही ती काउंटरवरून हातात पडतात, आणि लाजेने माणूस ती घेतो, कारण मेडिकलवाला चड्डी काढायला सांगत नाही.

म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं, आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग आपण बोलू. केईएम, सायन, नायर, महापालिकेच्या या तिन्ही रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. तो म्हणाला, "तिथे सगळ्यांसमोर दाखवायचं?" पडद्यामागे तपासायला सांगता येतं, पुरुष डॉक्टर मिळतील का असंही विचारता येतं. हे विचारायचा हक्क आपल्याला आहे हेच आपल्या मुलांना ठाऊक नसतं. मुलीला निदान आई, मावशी, पार्लरवाली ताई, कुणीतरी चार गोष्टी सांगतं. मुलाला दाढी कशी करायची हेसुद्धा कुणी शिकवत नाही, तो आरशात बघून शिकतो. मानेखालच्या अंगाबद्दल तर बोलायचंच नाही.

तो गेला. डॉक्टरांनी ट्यूब बंद केली, बुरशीच्या गोळ्या सुरू केल्या आणि लक्षणं गेली तरी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यायच्या असं बजावलं. टॉवेल वेगळा, आतले कपडे रोज बदललेले आणि कडक वाळलेले, आंघोळीनंतर जांघ कोरडी. करी रोडहून कुर्ल्यापर्यंत लोकलच्या गर्दीत उभं राहून घामेजलेली घट्ट जीन्स दिवसभर अंगावर, ती बदलून सैल सुती पँट. आणि सहा आठवडे एकही केस काढायचा नाही.

या शेवटच्या सूचनेने तो हादरला. आमचं खरं काम त्याच सहा आठवड्यांत झालं.

त्याची भीती सुटी करून पाहिली तर तीन धागे निघाले. एक, हळदीला लोक हसतील आणि मोबाइलवर व्हिडिओ फिरेल. दोन, होणाऱ्या बायकोला किळस येईल. तिसरा धागा सर्वांत खाली होता, आणि तो सांगताना त्याचा आवाज बदलला. "मी घाणेरडा आहे असं वाटतं मॅडम."

केस म्हणजे घाण नव्हे. वास येतो तो घामावर जगणाऱ्या जंतूंमुळे, आणि साबण-पाण्याने तो जातो, केस असोत वा नसोत. कुणाच्या अंगावर किती केस येणार हे मुख्यतः आईबापांकडून आलेल्या वारशावर आणि केसांची मुळं पुरुषी संप्रेरकांना किती दाद देतात यावर ठरतं. निरोगी माणसात केस जास्त म्हणजे पुरुषत्व जास्त असा हिशेब नाही. हे मी त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलालाही सांगितलं होतं. त्याच्या छातीवर एकही केस नव्हता आणि मित्र त्याला "तू कसला मर्द" म्हणायचे. दोघंही सारखेच झोपेविना. आपल्या समाजात या बाबतीत मुलाने नेमकं कसं असावं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगू शकलेलं नाही.

एक गोष्ट मला तपासायची होती. दिवसातला तासाहून जास्त वेळ शरीरातल्या एखाद्या कथित दोषाच्या विचारात जात असेल, पुन्हा पुन्हा आरसा बघणं किंवा आरसा टाळणं चालू असेल, नोकरी-नाती अडत असतील, तर ती नुसती लाज नसते, त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. तो खरा आजार आहे आणि त्यावर विचार-वर्तन उपचार आणि औषधं, दोन्हींचा उपयोग होतो. याचं प्रकरण काठावरचं होतं. फरक इतकाच की याला दोष कल्पनेत मोठा करून दिसत नव्हता, त्याला कुणीतरी खरोखर हसलं होतं. लक्षणं वाढली तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं हे आम्ही आधीच ठरवून ठेवलं. जवळपास कुणी समुपदेशक नसेल त्याने टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि रात्रीबेरात्रीही लागतो.

मग मी त्याला गृहपाठ दिला. रविवारी सकाळी बिनबाह्यांच्या बनियनवर गॅलरीत कपडे वाळत घालायचे, दहा मिनिटं. किती जण बघतील याचा आकडा आधी कागदावर लिहायचा. त्याने लिहिलं, "पंधरा-वीस जण बघणार, पाच जण तरी बोलणार." प्रत्यक्षात चौघांनी बघितलं, बोलल्या एकच काकू. म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी आलं का रे?"

त्याच्या पुढच्या रविवारी नुसता टॉवेल. वडील दारात पेपर वाचत बसले होते. त्यांनी पाठ बघितली, पान उलटलं आणि म्हणाले, "ते केसतोड डॉक्टरला दाखवलेस का? मलाही व्हायचे." एवढंच बोलणं. तो मला हे सांगताना दोनदा थांबला.

तिच्याशी बोलायला मात्र त्याने तीन आठवडे घेतले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका संध्याकाळी सगळं सांगून टाकलं, अस्वलापासून ट्यूबपर्यंत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी आपण भेटायच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये का जाते माहितीय? हनुवटीवर केस येतात मला. पीसीओएस आहे." म्हणजे संप्रेरकांचा असमतोल, त्यात बायकांच्या चेहऱ्यावरही राठ केस येऊ शकतात. तिलाही हे कधी सांगायचं ते कळत नव्हतं. हे तिला विचारूनच लिहिते आहे.

आता प्रश्न उरला काढायचे की ठेवायचे. एका ठिकाणी त्याला लेझरचं पॅकेज सांगितलं होतं, लग्नाआधी कायमचे जातील असं. हे शक्य नसतं. लेझरचा प्रकाश केसातलं काळं रंगद्रव्य शोषतं आणि त्या उष्णतेने मूळ दुबळं होतं, पण फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसांचं. एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा जावं लागतं, आणि शेवटी केस कमी होतात, मुळापासून संपत नाहीत. आपल्या सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असतं, त्यामुळे चुकीच्या हातात डाग आणि भाजणं ठरलेलं. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर गडद त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित. कुणाला करायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे, सवडीने. वॅक्सिंगही डॉक्टरांनी नको म्हटलं, कारण नुकत्याच वॅक्स केलेल्या अंगावर हळद-तेल चोळलं तर आग होते, पुळ्या उठू शकतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर वॅक्सिंग करूच नये, त्वचा सोलून निघते.

मी त्याला एकच विचारलं, "बघणारं कुणीच नसतं, तर तू काय ठेवलं असतंस?"

तो खूप वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "छाती ठेवली असती. पाठ आणि खांदे कमी केले असते, घामाने शर्ट चिकटतो."

तसंच केलं. स्वतःचा वेगळा ट्रिमर घेतला. रेझर काय, ट्रिमर काय, घरातही एकमेकांचे वापरू नयेत, बारीक जखमांमधून हेपॅटायटिस बीसारखे आजार पसरू शकतात. ट्रिमरला गार्ड लावून, केस ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेने, हळदीच्या चार दिवस आधी. पाठीवर मशीन धाकट्या भावाने फिरवली. त्याची एक शंका होती, "दादा, कापले की आणखी दाट येतात ना?" हा समज फार जुना आहे. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधक बाईंनी १९२८ सालीच दाढीवर प्रयोग करून दाखवलं की केस कापल्याने ते जाड होत नाहीत, भराभर वाढतही नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं. जांघेतलेही केस त्याने फक्त आखूड केले, पूर्ण काढले नाहीत. तिथले केस चालताना त्वचेला त्वचा घासण्यापासून वाचवतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्याला पटलं होतं.

येणाऱ्यांच्या लग्नाला मी जात नाही, हा माझा नियम आहे. त्यामुळे हळद कशी झाली ते मी पाहिलं नाही. फेब्रुवारीत दोघं एकदा येऊन गेली, दुसऱ्याच कामासाठी. भांडुपला भाड्याने घर घेतलंय. तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होता. घर कसं आहे, मी विचारलं.

"छोटं आहे मॅडम," तो म्हणाला. "पण बाथरूमला आतून कडी आहे. आणि मोठा दिवा आहे."