घरी प्रार्थना करता येत असताना ख्रिस्ती माणसाला समूह कशासाठी हवा?

आपला प्रश्न असा आहे की, देव सर्वत्र आहे, बायबल घरोघरी आहे आणि दार लावून एकांतात प्रार्थना करण्याचा उपदेश स्वतः येशूनेच केलेला आहे. मग ख्रिस्ती माणसाने दर रविवारी चर्चमध्ये जमावे आणि समूहाशी बांधलेले राहावे, हा आग्रह कशासाठी? मी धर्मगुरू नाही. कोकण किनाऱ्याच्या उत्तर भागात, वसईच्या पट्ट्यातल्या एका गावात वाढलेला साधा कॅथलिक आहे, त्यामुळे उत्तरात शास्त्राबरोबर गावही येईल.

एकांताचा उपदेश बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सहाव्या अध्यायात आहे, हे खरे. परंतु त्याच्या पाठोपाठ येशू जी प्रार्थना शिकवतो तिच्यात ‘माझा’ हा शब्द एकदाही येत नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराधही आमचे. खोलीत एकटा असलेला माणूसही इतरांना बरोबर घेऊनच देवाशी बोलतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. शिवाय नव्या करारातील कितीतरी आज्ञा अशा आहेत की त्या एकट्याने पाळताच येत नाहीत: एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांची ओझी वाहा. चौथ्या शतकात संत बासिल यांनी एकांतवासाची बाजू घेणाऱ्यांना नेमके हेच विचारले होते की, येशूने शिष्यांचे पाय धुऊन कित्ता घालून दिला, तर जो एकटा राहतो तो पाय कोणाचे धुणार?

हा युक्तिवाद मला पूर्वीपासून ठाऊक होता. तो पटला मात्र वडील गेले तेव्हा. आषाढातले दिवस होते. आमच्या भागात पावसाळ्यात थोडे खणले तरी पाणी लागते, त्यामुळे कबर खणताना ती भरत होती आणि आळीतली मुले डब्यांनी पाणी उपसत होती. त्यांतल्या दोघांशी माझे कधी धड बोलणेही झालेले नव्हते. पुढचे काही दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. जेवण शेजारच्या घरांतून येत राहिले, आणि कोणत्या दिवशी कोणी आणायचे हे बायकांनी आपसांतच ठरवले होते. संध्याकाळी अंगणात रोझरी, म्हणजे माळेवर म्हटली जाणारी मरियेची प्रार्थना, होई. मी तिथे बसत असे, पण माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, कारण मी देवावर रागावलो होतो. प्रार्थना माझ्या वतीने इतरांनी म्हटली. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसे एका पक्षघाती माणसाला छपरातून येशूपुढे खाली सोडतात. तेथे येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे लिहिले आहे, त्या आजाऱ्याच्या विश्वासाचा वेगळा उल्लेख नाही. ते अनेकवचन किती मोलाचे आहे, हे मला त्या अंगणात कळले.

आता दुसरी बाजू, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठीत ‘आमचा समाज’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी जात येते, आणि आम्ही ख्रिस्ती लोकही त्याला अपवाद नाही. वसईत पोर्तुगीज अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. त्या काळात लोक ख्रिस्ती झाले, पण सामवेदी, वाडवळ, कोळी ही वर्तुळे पुसली गेली नाहीत, आणि एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारी घरे सोयरीक जुळवताना ती वर्तुळे पाहत आली. अलीकडे हे सैल झाले आहे, संपलेले नाही. आरंभीच्या काळात ग्रीसमधील करिंथ येथे ख्रिस्ती लोक एकत्र जमत तेव्हा श्रीमंत लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना बजावले की, तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. जेरुसलेममधील पहिल्या मंडळीतही ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात असल्याची तक्रार झाली होती, आणि म्हणूनच त्या कामासाठी सात माणसे नेमावी लागली. मंडळी म्हणजे चर्चचा समूह, आणि त्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ याचा अर्थ बोलावून एकत्र केलेली सभा असा आहे. समाज जन्माने मिळतो. मंडळीत मात्र बोलावणारा दुसराच असतो, आणि तो आणखी कोणाला बोलावील यावर आपला हक्क चालत नाही.

समूह केवळ उपासनेसाठी असतो, असेही मला वाटत नाही. आमच्याकडे १९१८ साली बॅसीन कॅथलिक ही सहकारी पतसंस्था उभी राहिली, ती आज बँक आहे. शेजाऱ्याच्या बचतीतून शेजाऱ्याला कर्ज मिळणे हेदेखील एकमेकांची ओझी वाहणेच होय. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेचे लोक गरजू घरांना भेटी देतात, त्याविषयीही मी हेच म्हणेन.

शेवटी एक व्यावहारिक मुद्दा. कॅथलिकांमध्ये धर्मग्राम, म्हणजे आपण ज्या चर्चशी जोडलेले असतो ते, सामान्यतः राहत्या जागेवरून ठरतो, आवडीवरून नव्हे. त्यामुळे ज्याचे तोंड पाहू नये असे वाटते, तोच माणूस रविवारी शेजारच्या बाकावर येऊन बसतो. माझ्या काकांचा एका शेजाऱ्याशी शेताच्या बांधावरून वाद आहे. एका रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, शेजाऱ्याला शांतीची खूण देण्याची वेळ आली तेव्हा तोच शेजारी काकांच्या डाव्या हाताला उभा होता. काकांनी आधी उजवीकडे पाहिले, मग मागे पाहिले, आणि अखेर त्याच्याकडे वळून हात जोडले, त्यानेही जोडले. दावा अजून चालू आहे, पण हल्ली तारखेला दोघे एकाच रिक्षाने जातात.