पोस्टडिलेड जमलं, रद्द करणं राहिलं

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अँड्रॉइडच्या मुलाखतीत काम दिलं : टायपिंग थांबल्यावर 500 मिलिसेकंदांनी शोध सुरू करा. मी पोस्टडिलेड (काम ठरावीक वेळाने सुरू करणारा कॉल) वापरलं, आधीचं काम काढायला रिमूव्हकॉलबॅक्सही लिहिलं. तरी प्रत्येक अक्षरामागे एक शोध गेला आणि फोन आडवा करताच ॲप बंद पडलं. नकार आला. हे सोडून टेस्टिंगकडे वळू का?

उत्तर : टेस्टिंगवाले सगळ्यात आधी फोन आडवाच करून बघतात बरं का! त्यामुळे ही पळवाट नाही.

तू पाठवलेला कोड पाहिला. दोन्ही कॉलमध्ये तू तेच लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, नव्याने लिहिलं आहेस. वाचताना ते सारखं दिसतं, पण कामं रांगेत लावणाऱ्या हँडलरच्या लेखी ते दोन वेगळे रनेबल, म्हणजे चालवायच्या कामाचे दोन वेगळे ऑब्जेक्ट आहेत. ज्याला रांगेत लावलं, नेमकं त्यालाच काढावं लागतं. रनेबल एकदाच बनवून व्हेरिएबलमध्ये ठेवला असतास तर पहिली अडचण आलीच नसती. दुसरीचं मूळही जवळच आहे. फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा जुनी ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची स्क्रीन, मोडून नवी उभी करतं. रांगेतलं काम मात्र जुनीलाच धरून बसतं. म्हणून स्क्रीन मोडताना रांगही रिकामी करायची. कोरूटीनमध्ये (कोटलिनमधली मध्येच थांबवता येणारी कामं) व्ह्यूमॉडेलस्कोप वापरलास तर व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीनची माहिती सांभाळणारा भाग, संपताना ही झाडलोट आपोआप होते. नवं अक्षर आल्यावर आधीचा जॉब, म्हणजे आधी सुरू केलेलं कोरूटीन, मात्र तूच रद्द करायचास.

मुलाखतीत मीही हेच विचारलं असतं. काम उशिरा सुरू करणं एका ओळीचं असतं. ते कोणी, कधी थांबवायचं याचा विचार केलाय का, तिथे उमेदवार कळतो. पुढचा प्रश्न बहुधा असा येईल : ॲप बंद झालं तरी काम व्हायला हवं का? हवं असेल तर हँडलर उपयोगाचा नाही, वर्कमॅनेजर लागतो. त्यात ठरावीक अंतराने होणाऱ्या कामाला किमान 15 मिनिटांचं अंतर असतं, हे माहीत असू दे. गजराची वेळ काटेकोर पाळायची तर अलार्ममॅनेजर.

आयफोनकडे गेलास तरी यातून सुटका नाही. तिथे डिस्पॅचवर्कआयटम (रांगेत लावायचं काम) सुरू होण्याआधी रद्द केला तर ठीक. एकदा सुरू झाल्यावर तो नुसत्या कॅन्सलने थांबत नाही.

येत्या आठवड्यात तेच शोधाचं ॲप पुन्हा लिही, एकदा हँडलरने, एकदा कोरूटीनने. फोन फिरवल्यावरही शोध एकदाच जातो हे तपासणारी टेस्ट त्यात घाल आणि पुढच्या अर्जाला ते ॲप जोड.